देखभालीला कात्री लागली तरी रस्ता लगेच का उखडत नाही?

बजेटच्या दिवसांत एक बातमी हमखास वाचायला मिळते. उत्पन्न घटलं, तूट वाढली, म्हणून शहराच्या रस्ते देखभालीच्या तरतुदीला कात्री. दोन दिवस टीका होते आणि विषय मागे पडतो. वर्ष सरतं. रस्ते जवळपास होते तसेच दिसतात. कपात करणाऱ्यांना वाटतं, काही बिघडलं नाही, आणि लोकांनाही तसंच वाटतं. पुढच्या वर्षी कपात कायम राहते, कारण ती खपून गेलेली असते. मग चार-पाच वर्षांनी शहरभर एकदम खड्डे पडतात. लोक पावसाला बोल लावतात, त्या वर्षी खुर्चीत असलेल्या अधिकाऱ्याला बोल लावतात. चार वर्षांपूर्वीची ती बातमी तोवर कुणाच्या लक्षातही नसते.

कपात आणि खड्डा यांच्यातलं हे अंतर समजलं की बाकीचा विषय सोपा होतो. त्यासाठी आधी रस्त्याच्या पोटात डोकवावं लागेल.

## काळा थर म्हणजे छत्री

डांबरी रस्ता आपल्याला वरून काळा, सपाट दिसतो. भार पेलण्याचं मोठं काम मात्र त्या काळ्या थराच्या खाली चालतं. सगळ्यात खाली दाबून बसवलेली माती, तिच्यावर खडीचे थर आणि सगळ्यात वर डांबर. चाकाचं वजन वरून खाली जाताना पसरत जातं, म्हणून मातीपर्यंत पोचेतो ते तिला झेपण्याइतकं झालेलं असतं. खडी आणि माती कोरडी असेल तरच हे जमतं. ती कोरडी ठेवणं हे वरच्या डांबराचं एक प्रमुख काम. म्हणून मी त्याला छत्री म्हणतो.

ऊन आणि हवा लागून डांबर दरवर्षी थोडं थोडं कडक होतं. रबरबँड जुना झाला की ताणल्यावर तुटतो, तसंच याचंही होतं. आधी केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांतून पाणी आत शिरतं. वरून जड गाडीचं चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं आणि बाहेर उसळताना बारीक माती सोबत घेऊन येतं. ओल्या रस्त्यावर भेगेच्या कडेला चिखलाचा मातकट डाग दिसला, तर ती आतली माती बाहेर येते आहे असं समजा. आत पोकळी होते. एके दिवशी तिच्यावरचा तुकडा खचतो आणि आपण म्हणतो, काल तर इथे खड्डा नव्हता! थंड प्रदेशात हेच काम गोठणारं पाणी करतं. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं आणि भेग आतून फाकते.

वजनाचाही हिशेब विलक्षण आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर ट्रक अखंड फिरवले गेले. त्यातून हाती आलेला ठोकताळा आजही वापरात आहे: आसावरचा, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे १६ पट होते. म्हणून मोटारींच्या रांगेपेक्षा एक जादा भरलेला ट्रक रस्त्याला महाग पडतो.

## स्वस्त इलाजाची वेळ कोणती?

भेगा वेळेवर भरल्या, किंवा वरून डांबराचा पातळ संरक्षक थर म्हणजे सील कोट दिला, तर पाणी आत जात नाही. रस्ता चांगला असतानाच केलेल्या या कामाला प्रतिबंधक देखभाल म्हणतात. जे काम वेळेवर व्हायला हवं होतं पण पैशाअभावी पुढे ढकललं गेलं, त्याच्या साठलेल्या ओझ्याला अनुशेष म्हणू. हे दोन शब्द एवढे लक्षात ठेवा.

दाताची कीड वेळीच पकडली तर एका भेटीत काम होतं. दुखेपर्यंत थांबलं की रूट कॅनॉल, त्याहून थांबलं की दात काढायचा आणि नवा बसवायचा. रस्त्याचंही असंच आहे. रस्त्याच्या प्रकृतीला ० ते १०० असे गुण देण्याची एक पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी बसवली आणि आज अनेक शहरं ती वापरतात. हे गुण वर्षागणिक कागदावर मांडले की रेषा सरळ खाली येत नाही. बरीच वर्षं ती हलकी उतरते आणि एका टप्प्यानंतर कड्यावरून पडल्यासारखी घसरते. घसरणीच्या अलीकडे भेगा भरून भागतं. पलीकडे गेलं की वरचा थर खरवडून नवा टाकावा लागतो आणि पुढे खडीपासून सगळा रस्ता नव्याने बांधावा लागतो.

कपातीचा परिणाम उशिरा का दिसतो, त्याचं उत्तर या रेषेत आहे. कपातीच्या पहिल्या वर्षांत बहुतेक रस्ते त्या हलक्या उतारावर असतात. सील कोट दिला काय आणि न दिला काय, डोळ्यांना फरक कळत नाही. पण कडा जवळ येत असतो, आणि एकाच काळात बांधलेले रस्ते तिथे साधारण एकाच सुमारास पोचतात.

## कात्री नेमकी कुठे चालते

बजेटमध्ये दोन कप्पे असतात. नवा पूल, नवा रस्ता हा भांडवली खर्च. झाडलोट, भेगा भरणं, दिवे बदलणं हा महसुली खर्च. नव्या कामाला बाहेरून निधी किंवा कर्ज मिळू शकतं आणि त्याचं उद्घाटनही होतं. भरलेल्या भेगेचं उद्घाटन कुणी करत नाही. शिवाय महसुली कप्प्यातले पगार आणि कर्जाचे हप्ते टाळता येत नाहीत. मग उरतं काय? साहित्य, यंत्रांची दुरुस्ती, रिकाम्या जागांची भरती आणि कामाच्या फेऱ्या. सगळी कपात या उरलेल्या तुकड्यावर येऊन पडते. त्यामुळे कागदावर एकूण तरतूद दहा टक्क्यांनी कमी दिसली, तरी प्रत्यक्ष रस्त्यावर पडणाऱ्या कामात घट त्याहून कितीतरी मोठी असू शकते.

झाडलोटीचंच बघा. आठवड्यातून दोनदा होणारी सफाई एकदा होऊ लागली तर फार तर रस्ता अस्वच्छ दिसेल, असं वाटतं. पण न उचललेली पानं, माती, प्लास्टिक वाहत जाऊन पावसाळी गटाराच्या जाळीवर बसतात. जाळी तुंबली की पाणी रस्त्याच्या कडेला थांबतं, आणि थांबलेलं पाणी भेग शोधतं. झाडूवर वाचवलेला पैसा असा डांबरावर खर्च होतो. पट्टे पुसट झाले, फलक फांद्यांआड गेले, सिग्नलची तपासणी लांबली, की त्याची किंमत खड्ड्यासारखी दिसत नाही. ती अपघाताच्या नोंदीत जाते.

कधी खड्डा बुजवताना दिसला तर दोन मिनिटं थांबून पाहा. नीट करायचं तर खड्ड्याच्या कडा चौकोनी कापतात, सैल माल काढून टाकतात, पाणी उपसून तळ कोरडा करतात. तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात देतात, तो टॅक कोट. मग गरम मिश्रण थराथराने भरून दाबतात, आणि भराव कडेपेक्षा किंचित उंच ठेवतात, कारण वाहतुकीने तो अजून बसणार असतो. याला माणसं लागतात, कापायचं यंत्र लागतं, रोलर लागतो आणि वेळ लागतो. आठ जणांच्या टोळीत चारच उरले आणि दिवसाला ठरलेले खड्डे मात्र तेवढेच राहिले, तर काय होणार? पाण्याने भरलेल्या खड्ड्यातच मिश्रण ओततात, फावड्याने थापतात, दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात आणि पुढे जातात. काही आठवड्यांत ते ठिगळ निघतं आणि तीच टोळी त्याच खड्ड्यावर परत येते. मजुरी, डिझेल, वाहतूक अडवणं, सगळं दुसऱ्यांदा. त्या चौघांना कामचुकार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नीट काम कसं करतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

## मग आधी सगळ्यात वाईट रस्ताच दुरुस्त करायला हवा ना?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो आणि त्याचं उत्तर पचायला कठीण आहे.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, शहरात १०० किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले १० किलोमीटर पूर्ण उखडलेले, ३० छान आणि ६० मधल्या अवस्थेतले. या ६० पैकी ८ किलोमीटर अगदी कड्याच्या टोकावर आहेत. हातातल्या पैशात २ किलोमीटर रस्ता नव्याने बांधता येतो, किंवा २० किलोमीटरवर भेगा भरून सील कोट देता येतो.

उखडलेल्यांपैकी २ किलोमीटर बांधले, तर तिथले लोक खूश होतात. पण लक्ष न दिलेले ते ८ किलोमीटर दरम्यान घसरतात. वर्षअखेर उखडलेले रस्ते १० चे १६ झालेले असतात. पैसा खर्च झाला, काम दर्जेदार झालं, तरी शहराची अवस्था बिघडली. त्याऐवजी तोच पैसा टोकावरच्या ८ आणि आणखी १२ किलोमीटरवर लावला, तर उखडलेले १० चे १० च राहतात. एका किलोमीटरचीही नवी भर पडत नाही. अशी काही वर्षं टिकवली की नवी घसरण थांबते, दरवर्षी पैसा थोडा मोकळा होतो आणि त्यातून ते १० किलोमीटर हळूहळू बांधता येतात.

म्हणून जाणकार अभियंता कधी कधी बऱ्या दिसणाऱ्या रस्त्यावर काम काढतो आणि शेजारच्या फुटक्या रस्त्याला हात लावत नाही. लोक संतापतात, आणि तो संताप मला समजतो. रोज त्या फुटक्या रस्त्यावरून म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेणाऱ्याला हा आलेख दाखवून काय उपयोग? त्या १० किलोमीटरवर निदान धोका राहणार नाही एवढी डागडुजी करत राहणं, आणि पाळी कधी येणार ते स्पष्ट सांगणं, एवढं तरी पालिकेने द्यायलाच हवं. कपातीचा खरा तोटा इथेही आहे. पैसा पुरेसा असेल तर दोन्ही कामं करता येतात. तो आटला की दोन्हींतून एक निवडावं लागतं, आणि तक्रारींच्या दबावाखाली बहुतेक वेळा चुकीचं निवडलं जातं.

## पण काही पैसे तर वाचत असतीलच?

त्या वर्षापुरते वाचतात. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रस्ते संस्थेचा एक अंदाज जगभर सांगितला जातो: तीन वर्षं देखभाल टाळली तर दुरुस्तीचा खर्च सहापट होतो आणि पाच वर्षं टाळली तर अठरापट. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांचा हिशेब मांडला होता. देखभालीअभावी सुमारे ४५ अब्ज डॉलरचे रस्ते वाया गेले होते, आणि ते वाचवायला १२ अब्ज डॉलरहूनही कमी खर्चाची प्रतिबंधक देखभाल पुरली असती. इंग्लंड आणि वेल्समधल्या स्थानिक रस्त्यांचा अनुशेष २०२५ च्या पाहणीत जवळपास १७ अब्ज पौंडांवर गेला. त्या वेळच्या गतीने तिथल्या एका रस्त्यावर नवा थर टाकण्याची पाळी सरासरी ९३ वर्षांनी येणार होती. ही पाहणी डांबर उद्योगाची संघटना करते आणि रस्तेकामं वाढण्यात तिचा फायदा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो आकडा वाचावा. तरी ९३ वर्षं टिकणारा डांबरी थर कुणीही बनवत नाही.

हे कर्जच आहे, फक्त त्यावर कुणी सही केलेली नसते. बँकेचं कर्ज ताळेबंदात दिसतं, अनुशेष दिसत नाही. आणि शहराच्या तिजोरीत वाचलेला पैसा लोकांच्या खिशातून जातच असतो: टायर, सस्पेन्शन, वाढलेलं इंधन, मोडलेला मनगटाचा सांधा.

लॉस एंजेलिसमध्ये पदपथांचं असंच झालं. झाडांच्या मुळांनी उखडलेले पदपथ दुरुस्त करायची जबाबदारी शहराने १९७० च्या दशकात केंद्र सरकारच्या निधीच्या भरवशावर घेतली. निधी संपला, जबाबदारी राहिली, दुरुस्ती मागे पडत गेली. चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांना त्या पदपथांवरून जाता येईना. २०१० मध्ये ते न्यायालयात गेले. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार शहराला ३० वर्षांत १.३ अब्ज डॉलरहून अधिक खर्च पदपथांवर करावा लागणार आहे.

## दिवे बंद करून पाहिलेलं शहर

अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जमध्ये मतदारांनी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये मालमत्ता कर वाढवण्याचा प्रस्ताव फेटाळला. २०१० मध्ये शहराने जवळपास एक तृतीयांश पथदिवे बंद केले, बागांचं पाणी कमी केलं, बागांमधले कचऱ्याचे डबे उचलले. ज्यांना आपल्या घरासमोरचा दिवा हवा, त्यांनी पैसे भरून तो चालू ठेवावा अशी सोयही केली. ज्याच्याकडे पैसा त्याच्या दारात उजेड. सार्वजनिक सेवा आटल्यावर काय होतं, ते मला यात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पुढे आणखी एक गोष्ट झाली, जी कुणाच्या हिशेबात नव्हती. बंद दिव्यांच्या तारांत वीज नव्हती, म्हणून त्या चोरणं निर्धोक झालं. चोरांनी तांब्याच्या तारा ओढून नेल्या, आणि विजेच्या बिलात वाचलेला पैसा दुरुस्तीत गेला.

त्याच शहरातल्या मतदारांनी २०१५ मध्ये केवळ रस्त्यांसाठी पाच वर्षांचा ०.६२ टक्के विक्रीकर मंजूर केला, आणि २०१९ मध्ये थोड्या कमी दराने, ०.५७ टक्के, पुढे चालू ठेवला. पैसा कुठे जाणार हे आधी सांगितलं आणि तो तिथेच जाताना दिसला, तर करावर नाराज असणारे लोकही हात सैल करतात, असं मी यातून समजतो.

## कपातीचा भार सगळ्यांवर सारखा पडतो का?

नाही. पैसा कमी असला की काम तक्रारींच्या मागे धावतं, आणि तक्रार करायला वेळ, ओळख, फोन आणि 'आपलं कुणी ऐकेल' हा विश्वास लागतो. बोस्टन शहराने २०१२ मध्ये एक ॲप आणलं. मोटार चालवताना फोनला बसणाऱ्या हिसक्यांवरून ते खड्डे टिपत असे. कल्पना उत्तम होती, पण लगेच लक्षात आलं की ज्या वस्त्यांत स्मार्टफोन कमी तिथले खड्डे यादीत येणारच नाहीत. अमेरिकेतल्याच ओकलंड शहराने २०१९ च्या डांबरीकरण योजनेत दुसरा रस्ता धरला. रस्त्याच्या अवस्थेबरोबरच वस्तीचं उत्पन्न आणि आजवर झालेलं दुर्लक्ष यांचाही विचार करून क्रम ठरवला. तक्रारपेटी म्हणजे पाहणी नव्हे. शहरातला प्रत्येक रस्ता ठरावीक काळाने कुणीतरी जाऊन पाहायला हवा, आणि कपातीत पहिला बळी अनेकदा या पाहणीचाच जातो.

## 'खरं कारण भ्रष्टाचार आहे, पैसा नव्हे'

निकृष्ट काम आणि संगनमत जिथे आहे तिथे ते मोडायलाच हवं. नवा रस्ता पहिल्याच वर्षी उखडला तर ते कपातीमुळे झालं असं कुणी सांगू नये. पण प्रामाणिकपणे बांधलेला उत्तम रस्ताही ऊन-पावसात कडक होतोच. शिवाय देखभालीचे पैसे कापताना बऱ्याचदा कामावर नजर ठेवणारे कनिष्ठ अभियंते आणि नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा आधी कमी होतात. म्हणजे चोरी पकडणारेच जातात.

मग डांबराऐवजी काँक्रीटच का नको, असंही कुणी विचारेल. थोडक्यात उत्तर: ते जास्त टिकतं, पण सुरुवातीला महाग पडतं, त्याच्या सांध्यांतलं भराव-साहित्य वेळच्या वेळी बदलावंच लागतं, आणि पाण्याच्या किंवा गॅसच्या वाहिनीसाठी एकदा खोदलं की पूर्ववत करणं जिकिरीचं होतं. देखभाल नको म्हणून काँक्रीट, हा हिशेब चुकतो.

## कपात अटळच असेल तर?

असे दिवस येतात. तेव्हा आधी नवं बांधकाम थांबवावं, कारण प्रत्येक नवा रस्ता उद्याच्या देखभालीची मागणी घेऊन येतो. भेगा भरणं आणि गटारांच्या जाळ्या साफ करणं सगळ्यात शेवटी कापावं. खोदकामाच्या तारखा जुळवाव्यात, म्हणजे नवा थर पडल्यावर महिनाभरात कुणी चर खणणार नाही. याला जवळपास पैसा लागतच नाही. फारच कमी वाहतुकीचा रस्ता सांभाळणं झेपत नसेल तर तसं उघड सांगावं. अमेरिकेत किमान २७ राज्यांतल्या यंत्रणांनी काही डांबरी रस्ते खरवडून पुन्हा खडीचे केल्याची नोंद आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण अर्धवट डांबराच्या धारदार खड्ड्यांपेक्षा नीट राखलेली खडी बरी.

पुढचं बजेट येईल तेव्हा 'किती खड्डे बुजवले' हा आकडा तुमच्यासमोर अभिमानाने ठेवला जाईल. तो वाढला असेल तर रस्त्यांची प्रकृती बिघडली असाही अर्थ होऊ शकतो. त्याऐवजी तीन आकडे मागा: अनुशेष आज किती आहे, गेल्या वर्षी किती होता, आणि वर्षभरात किती किलोमीटर रस्त्यांच्या भेगा भरल्या.